कापलेलं कोलम

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझा नवरा घरातून निघाला. दहा वाजता तो बसस्टँडजवळ पडला. अकरा वाजता डॉक्टरांनी सांगितलं की तो गेला. दुपारी शेजारच्या बाईंनी आमच्या उंबऱ्यासमोरचं कोलम पाण्यानं धुऊन काढलं.

कुंभकोणमात ज्या घरी माणूस जातं त्या घरापुढे वर्षभर कोलम घालत नाहीत. महाराष्ट्रात ज्याला ठिपक्यांची रांगोळी म्हणतात, त्याच्याच जवळचं हे काम. पहाटे अंगण झाडायचं, पाणी शिंपडायचं, तांदळाच्या पिठानं ठिपके मांडायचे आणि त्या ठिपक्यांभोवतून एक रेघ फिरवत न्यायची. रेघ जिथून निघाली तिथे परत यायला हवी. मध्येच सुटलेलं टोक दारापुढे ठेवत नाहीत. आम्ही इथले जुने मराठी, तंजावरच्या राजांच्या वेळी आलेल्यांपैकी. घरात अजून मराठी बोलतो, जुनी आणि तमिळ मिसळलेली. मी लिहिते आहे ती मराठी मला पुस्तकांनी शिकवली. भाषा राहिली तरी पिठाचे हात मात्र पूर्ण तमिळ झाले.

आमच्या घरी हे हात सासूबाईंचे होते. मी त्यांना आत्या म्हणते. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी दारापुढचं कोलम एकाच वर्षी सोडलं होतं, सासरे गेले तेव्हा. वर्ष संपल्यावर त्यांनीच ते पुन्हा सुरू केलं होतं. मी मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझे हात पुस्तकांना लागलेले. लग्नानंतर आत्यांनी मला महिनाभर कोलम शिकवलं आणि मग म्हणाल्या, "असों दे. तुझी रेघ वाचीत वाचीत चालते. तू कॉफी कर."

नवऱ्याची एक सवय होती. तो निघताना कोलमावरून लांब टांग टाकून जायचा. अंगणात बाजूनं जायला जागा होती, पण नाही. चप्पल घालायची, पिशवी छातीशी धरायची आणि एक मोठी ढांग. पंधरा वर्षांत त्याचा पाय एकदाही पिठावर पडला नाही. त्या मंगळवारीही तो ढांग टाकूनच गेला.

तेव्हा माझी लेक आठ वर्षांची होती. दहाव्या-बाराव्याचे दिवस झाले, शाळा सुरू झाली. पहिल्याच सकाळी ती दप्तर घेऊन उंबऱ्याशी आली आणि तिनं मोठी ढांग टाकली. समोर नुसतं धुतलेलं अंगण होतं.

आत्या ते पाहत होत्या. त्या पहाटे उठायच्या तशाच उठत होत्या, अंगण झाडून पाणीही शिंपडत होत्या. मग हातातला रिकामा तांब्या घेऊन थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायच्या. जेवण दोन घास. मुलाचा डबा आणि दारापुढचं कोलम, अशी त्यांची दिवसाची दोन कामं होती आणि दोन्ही एकाच दिवशी संपली होती. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. "यांचं मन कशात तरी गुंतवा," ते म्हणाले. कशात, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

कोइंबतूरहून नणंदेचा फोन यायचा. "वहिनी, वर्षाचं कार्य झालं कीं मी अम्माला इकडे घेऊन येते. तुला नोकरी आहे, लेकरू आहे. तिकडे ती खंगून जाईल."

मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाते. इथें मला काय काम आहे?"

त्या गेल्या तर या घरात संध्याकाळी मी आणि लेक आणि तिसरी खुर्ची, चौथी खुर्ची, एवढंच उरेल, हे मला दिसत होतं. मला त्या जायला नको होत्या. थांबा म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

कॉलेजात मी कामावर जात होते, पण वाचू शकत नव्हते. लहानपणापासून मला पुस्तकानं कधी परतवलं नव्हतं. आता पान वाचून संपवायचे आणि वर काय होतं ते आठवायचं नाही. कवितेची चार ओळींची कडवीसुद्धा हातातून निसटायची. मग मी पुस्तकं नुसती पाहायला लागले. जुन्या बांधणीच्या पुस्तकांत पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नक्षीचा कागद लावलेला असतो. इतकी वर्षं मी त्याच्यावर शिक्के मारत आले होते. एका दुपारी अशाच एका कागदावर माझं बोट फिरत होतं. फिकट हिरवी पानं, मध्ये तांबडी फळं, एक वेल. एक पान टोकाशी थोडं दुमडलेलं होतं. चार बोटं पुढे गेले तर तेच दुमडलेलं पान पुन्हा आलं. आणखी चार बोटांवर पुन्हा. मी मागे आले. वेल कुठे संपते आणि कुठे परत सुरू होते ते शोधायला लागले. सापडेना. सगळा कागद एकाच चौकोनाचा होता, तरी सांधा दिसत नव्हता.

घंटा झाली तेव्हा कळलं की अर्धा तास गेला होता आणि त्या अर्ध्या तासात मला तो मंगळवार एकदाही आठवला नव्हता.

मग मी असे कागद शोधायला लागले. गृहविज्ञानाच्या कपाटात कापडावरच्या नक्षीकामाचं एक पुस्तक होतं. त्यातली चित्रं पाहिली, मजकूर सोडला. आमच्याच टेबलावरचं रबरी मेणकापड, दवाखान्यातल्या फरश्या, बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईचा पदर. सगळीकडे एक चौकोन होता आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. घरी येऊन मी लेकीच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद मागितला.

"अम्मा, तुला गणित दिलंय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"कोणी?"

"मीच."

तिनं दोन पानं फाडून दिली आणि उत्तर आलं तर दाखव म्हणाली.

मला चित्र काढता येत नाही. जे थोडंफार येत होतं ते आत्यांनी शिकवलेलं. त्यांची कोलमाची एक वही होती, नवऱ्याच्या शाळकरी दिवसांतली उरलेली, मागे पाढे छापलेले. तिच्यातलं नऊ ठिपक्यांचं एक साधं कोलम मी उतरवून घेतलं. त्यांना विचारलं नाही. दारापुढे घालत नाही ते कागदावर काढलेलं त्यांना कसं वाटेल, याची भीती होती. कॉलेजात त्याच्या नऊ झेरॉक्स काढल्या आणि एकमेकींना लावून ठेवल्या. वेल वाहते तशी रेघ वाहील, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. नऊ कोलमं नऊ खिडक्यांसारखी वेगळी उभी राहिली. मी दुसरं कोलम घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येक वेळी खिडक्याच.

दारासुरमला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. पूर्वी सौराष्ट्रातून इथे आलेल्या रेशीम विणणाऱ्यांच्या घरातली, तशाच घरात लग्न झालेली. कॉलेजात असताना ती पुस्तकं वेळेवर परत करायची नाही, म्हणून लक्षात राहिली होती. आता ती विणकरांसाठी साड्यांच्या नक्षी काढते, असं ऐकलं होतं. एका रविवारी टाउन बसनं मी तिच्याकडे गेले.

त्या गल्लीत मागांचा आवाज सगळ्या घरांतून येतो. तिची खोली रस्त्याकडेला होती. टेबलावर कॉम्प्युटर आणि छताच्या कडीला बांधलेली साडीची झोळी, तिच्यात बाळ. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली. ती काम करत होती आणि पाय हलत होता.

"मॅडम!" ती उठायला गेली आणि झोळी हिसडली. बाळ रडलं. आतून तिच्या सासूनं सौराष्ट्रीत काहीतरी खडसावलं, हिनंही सौराष्ट्रीत उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाली, "बसा. पुस्तकं परत मागायला आलात ना?"

तिला माझी बातमी माहीत होती. तिनं त्याबद्दल एकच वाक्य म्हटलं आणि मग कागद पाहायला मागितले, त्याबद्दल मी अजून तिची आभारी आहे. तिनं माझ्या नऊ झेरॉक्स जमिनीवर मांडल्या आणि हसली.

"मॅडम, हे तर कोलम आहे. चारी बाजूंनी दार लावून घेतलंय. शेजारच्याकडे जाणार कसं?"

"कोलम उघडं ठेवत नाहीत," मी म्हणाले.

"दारापुढे नाही ठेवत. पण इथे कागदाच्या काठाला रेघ सुटायलाच हवी. पलीकडचा कागद ती पकडतो." तिनं माझं एक कोलम उचललं, कात्री घेतली आणि मी काही म्हणायच्या आत ते बरोबर मधून कापलं.

मी आयुष्यात कोणाला कोलम कापताना पाहिलं नव्हतं.

तिनं डावा तुकडा उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. मागून चिकटपट्टी लावली. मग तोच कागद आडवा कापला, वरचं खाली, खालचं वर, पुन्हा चिकटपट्टी. कागद माझ्यापुढे ठेवला. मध्यभागी जे होतं ते चार कोपऱ्यांत गेलं होतं. कडेला जी कोरी जागा होती ती सगळी मध्ये आली होती.

"आता हे मधलं भरायचं," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्या रेघा इकडे ओढून घ्यायच्या. फक्त काठाला हात लावायचा नाही. काठ आता आपोआप जुळतात."

मी तो मधला कोरा भाग पाहत राहिले.

ती झोळी हलवत म्हणाली, "बाळ झाल्यावर मला वाटलं, संपलं माझं. पूर्ण साडी काढायला कुठून वेळ आणायचा? मग कळलं, साडी काढायचीच नसते. चौकोन काढायचा. ही झोपते तेवढ्यात एक चौकोन होतो. पुढचं सगळं तोच करतो, अक्का." मॅडमची अक्का केव्हा झाली ते तिलाही कळलं नसावं.

मी घरी परत आले ते घाईनं. कात्री, चिकटपट्टी, कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. या वेळी आत्यांच्या वहीतलं सर्वांत मोठं कोलम उतरवलं, कापलं, बाजू बदलून जोडलं. मधलं भरायला काही सुचेना. कागद टेबलावर तसाच ठेवून मी दूध तापवायला गेले.

आत्या पाणी प्यायला आल्या आणि त्यांनी तो पाहिला.

"हे काय आहे?"

मी सांगायला लागले. त्या ऐकत नव्हत्या. त्यांचं बोट कागदावरच्या कापल्याच्या खुणेवर होतं.

"माझं कोलम कापलंस? कात्रीनं? या वर्षांत?"

"वहीतलं नाही, आत्या. उतरवून घेतलेलं."

"हात कोणाचा आहे तो मला कळतो," त्या म्हणाल्या. "दारापुढे घालत नाही ते टेबलावर मांडून कापतेस. घर आहे कीं शिंप्याचं दुकान?"

त्या आत गेल्या. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. लेकीमार्फत निरोप यायचे. "आजी म्हणते, भात मऊ झालाय." "आजी म्हणते, ती शुक्रवारीच कोइंबतूरला जाईल." त्या गेल्या नाहीत, पण मी नणंदेला फोन करायचं धाडसही केलं नाही. मला वाटलं, मी त्यांना थांबवायला निघाले होते आणि माझ्याच हातानं ढकललं. कागद मी फाडणार होते. फाडलाही असता, पण कॉलेजची घाई होती म्हणून वर्तमानपत्राखाली सरकवून गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आले तेव्हा कागद टेबलाच्या मध्यभागी होता. वर्तमानपत्र घडी करून बाजूला. कागदाच्या कोऱ्या भागात पेन्सिलीनं ठिपके मांडलेले होते. सतरा ठिपके, फूटपट्टी न लावता, आणि तरी एक इकडेतिकडे नाही. अशी सरळ ओळ या घरात एकाच हाताची असते.

आत्या भाजी निवडत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मध्यें रिकामं ठेवूं नये."

मी हात-पाय धुतले आणि त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं विचारलं, "रेघ कशी न्यायची?"

"तुझी ती पोरगी काय म्हणाली?"

"कोपऱ्यातल्या रेघा आत ओढून घ्यायच्या."

"कोपऱ्यातल्या बंद आहेत. ओढायला उघडाव्या लागतील." हे त्या स्वतःशीच म्हणाल्या. हात पुसून उठल्या, लेकीच्या कंपासपेटीतला रबर घेतला आणि बराच वेळ तो हातात धरून उभ्या राहिल्या. मग चारही कोपऱ्यांतलं एकेक वळण त्यांनी पुसलं. चार ठिकाणी रेघ तुटली. आठ टोकं सुटली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्यातलं एक टोक उचलून नव्या ठिपक्यांतून फिरवत, वळवत, दुसऱ्या कोपऱ्यातल्या टोकाला नेऊन बांधलं. मग पुढचं. आठही टोकं बांधून होईपर्यंत त्यांनी हात एकदाही उचलला नाही असं मला वाटलं, उचलला असेलही.

दुसऱ्या दिवशी मी नऊ झेरॉक्स आणल्या. दिवाणखान्याच्या फरशीवर लेकीनं त्या काठाला काठ लावून मांडल्या. आत्या खुर्चीतून उतरून जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात तरी. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. बोट एका कागदावरून दुसऱ्यावर गेलं, तिथून तिसऱ्यावर, वळलं, परत आलं.

"कुठें सुरू झालं हे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माझं कोलम कुठें आहे यांत?"

ते शोधायला आम्हां तिघींना वेळ लागला. ते चार कागद जिथे भेटत होते तिथे होतं, पूर्ण, जसंच्या तसं. एक कोपरा एका कागदाचा, दुसरा दुसऱ्याचा. फक्त चार वळणं उघडी होती आणि तिथून रेघ पुढे गेली होती. आत्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला.

लेक बाहेरच्या कडेशी बसून बोट दाखवत म्हणाली, "पण आजी, इथे टोकं सुटली आहेत! इथे काय?"

"तिथें आणखी कागद," आत्या म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग आणखी. तुझी आई झेरॉक्सवाल्याकडे जाईल." कित्येक महिन्यांनी त्यांच्या बोलण्यात थट्टा ऐकली.

त्या रात्री त्या दोन घासांवर थांबल्या नाहीत. मी पाहत नाही असं दाखवलं.

मग हे रोजचं झालं. दुपारी मी कॉलेजात असायचे तेव्हा त्या ठिपके मांडायच्या. संध्याकाळी मी कापून बाजू बदलायचे, कारण कात्री त्या अजूनही हातात घेत नसत. "कापायचं पाप तुझं, भरायचं पुण्य माझं," असं त्यांनी वाटून टाकलं होतं. या वर्षात हे चालतं की नाही, याचा निवाडाही त्यांनीच केला. "उंबऱ्याबाहेर नको म्हणतात. टेबलावर नको असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि हें कोलम कुठें आहे? हा कागद आहे." कधी भेंडी चिरताना तिचा छाप, कधी चिंचेच्या पानांची ओळ, कधी गाडीच्या टायरचा चिखलातला ठसा लेक वहीत उतरवून आणायची. मी कावेचा, म्हणजे गेरूचा लाल आणि पिठाचा पांढरा एवढेच रंग वापरले. दुसरे मला धीटपणे वापरता येत नाहीत.

धनुर्मास आला. इथे त्याला मार्गळी म्हणतात. त्या महिन्यात पहाटेच्या अंधारात सगळी गल्ली बायकांनी भरते, कोलमं रस्त्याच्या मध्यापर्यंत येतात, त्यांच्यावर शेणाच्या गोळ्यात खोचलेली भोपळ्याची फुलं. आमचंच एक दार मोकळं होतं. शेजारच्या बाईंचं कोलम नेहमी आमच्या अंगणापर्यंत पसरायचं. त्या वर्षी हद्दीशी आल्यावर त्या रेघ वळवून घेत होत्या, सांभाळून, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून. आत्या दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. तेव्हा मला पुन्हा त्यांच्या जाण्याची भीती वाटली.

दारासुरमची ती मुलगी मध्येच एकदा बाळाला घेऊन आली, कागदांची चळत पाहिली आणि त्यातला तो पहिला चौकोन घेऊन गेली. पंधरा दिवसांनी तिनं ओळखीच्या छापखान्यातून सुती कापड छापून आणलं, लाल जमिनीवर पांढरी रेघ. मी त्याचा पुढच्या खिडकीला पडदा शिवला. कडेची सुटलेली टोकं शिवणीत दुमडून गेली. पडदा लावला त्या सकाळी शेजारच्या बाई पिठाचा डबा घेऊन उठता उठता थांबल्या.

"मामी," त्यांनी आत्यांना हाक मारली, "तुमचं कोलम खिडकीत चढलंय."

आत्यांनी दारातूनच उत्तर दिलं, "चढलं तर चढलं. तुमच्यासारखं रोज पुसावं तरी लागत नाही."

दोघी हसल्या. मग शेजारच्या बाई उंबऱ्याशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला दाखवाल का कसं काढायचं? दुपारी पोरं शाळेत गेल्यावर घर खायला उठतं." त्यांचे दोन्ही हात पिठानं पांढरे होते. आत्यांनी त्यांना दुपारी बोलावलं.

वर्षाचं कार्य झालं. नणंद आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती आणि आत्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांनी जावं की राहावं, हे त्यांचं होतं. मी फक्त सवयीनं, आदल्या संध्याकाळी कापलेला एक कागद टेबलावर ठेवला होता. मध्य कोरा.

पहाटे जाग आली ती झाडूच्या आवाजानं. मग पाणी शिंपडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मी दारात गेले. आत्या वाकून ठिपके मांडत होत्या. नणंद माझ्यामागे येऊन उभी राहिली. त्यांनी रेघ घातली, घरच्या रीतीनं, निघाली तिथे परत आणलेली, एकही टोक सुटलेलं नाही. उजेड होईपर्यंत कोलम पूर्ण झालं होतं.

"अम्मा, पिशवी," नणंद जेवताना म्हणाली.

आत्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. "हें मध्यें रिकामं आहे. हें झाल्यावर येते."

"किती वेळ लागतो त्याला?"

"एका दुपारीं होतं," माझी लेक प्रामाणिकपणे म्हणाली.

"हें मोठं आहे," आत्या म्हणाल्या. "मार्गळीपर्यंत जाईल. त्यानंतर ये."

नणंद कागदाकडे पाहत राहिली, मग आईकडे. तिनं पिशवी उचलून आत नेली आणि त्यातली लुगडी पुन्हा कपाटात लावली. गाडीला ती एकटी गेली. मार्गळीनंतर ती आली तेव्हा टेबलावर दुसरा कागद होता.

त्या मंगळवाराला आता चार वर्षं झाली. मी पुन्हा वाचते, पूर्वीपेक्षा हळू. नवऱ्याचं जाणं त्यानं कमी झालेलं नाही. दहा वाजता कधी कधी हात थांबतो. आत्यांचा उजवा हात थरथरायला लागला आहे. पिठाचे ठिपके आता मी मांडते आणि त्या खुर्चीतून "डावीकडे, आणखी डावीकडे" म्हणतात. कागदावरची रेघ अजून त्यांचीच आहे, थोडी वेडीवाकडी. तीही आम्ही तशीच छापायला देतो. दुपारी शेजारच्या बाई येतात.

घरात तीन बायका आहेत, एक टेबल आहे, कागदांचे दोन डबे आहेत. दारापुढे कोलम आहे. बारा वर्षांची लेक ढांग टाकून ते ओलांडते आणि शाळेला जाते.